जिचा तिचा वाडगा

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या दुपारच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कुणी भाजी निवडत असाल, कुणी शिवणाच्या मशीनवर बसला असाल, कुणी नुकतीच पाठ टेकली असेल. हातातलं काम चालू द्या, मी बोलते. आजचा विषय खाण्याचाच आहे, पण पाककृती शेवटी सांगेन. सुरुवात एका शब्दाने करू या. तो शब्द आहे शेजवान.

हा शब्द आता आपल्या गावातल्या पोरासोरांना पाठ आहे. चायनीजच्या गाडीवर शेजवान राइस, डोशाच्या गाडीवर शेजवान डोसा, किराणा दुकानात शेजवान चटणीची बाटली. पण हे नाव कुठलं? चीनच्या नैऋत्येला सिचुआन नावाचा मोठा प्रांत आहे, त्याच्या नावाचं हे जुनं इंग्रजी वळण. गंमत अशी, की आपल्या शेजवान चटणीत लाल मिरची असते, लसूण असतो, व्हिनेगर असतं, पण सिचुआनच्या जेवणाची जी खरी ओळख, जिभेला मुंग्या आणणारा एक मसाला, तोच बहुतेक वेळा नसतो. म्हणजे नाव तिकडचं आणि चव आपली.

मागच्या वर्षी मी लेकीकडे सिंगापूरला दोन महिने राहून आले. सिंगापूरमध्ये चारांतले जवळजवळ तीन लोक चिनी वंशाचे. पण त्यांचे पूर्वज दक्षिण चीनच्या किनाऱ्याकडचे, त्यांचं घरचं जेवण फार तिखट नसतं. सिचुआनचा तिखट प्रकार तिथे गेल्या वीसेक वर्षांत रुजला, चीनमधून नव्याने कामाला आलेल्या लोकांबरोबर. आता तर इमारतीखालच्या पुष्कळ मोठ्या खानावळींत एक तरी दुकान त्याचं असतं. ‘माला’ म्हणतात त्याला. आपल्या गळ्यातली माळ नव्हे हं! चिनी भाषेत ‘मा’ म्हणजे बधिर करणारं आणि ‘ला’ म्हणजे तिखट. रश्श्यात शिजवलेलं असेल तर ‘मालाथांग’. यातल्या ‘थांग’चा अर्थ उकळत्या पाण्यात चटका देणं.

या दुकानाची पद्धत नीट सांगते, कारण खरी मजा तिथेच आहे.

दुकानात गेलं की समोर मोठी फळी, त्यावर पंचवीस-तीस ट्रे मांडलेले. सगळं कच्चं, धुतलेलं, चिरलेलं. शेजारी स्टीलचे मोठे वाडगे आणि चिमटे. वाडगा उचलायचा आणि आपल्याला हवं ते, हवं तेवढं भरायचं. आपल्या ओळखीचं पुष्कळ असतं: बटाट्याच्या चकत्या, कोबी, फ्लॉवर, मका, कोहळा, पालक, कमळकाकडी. अनोळखीही असतं. आळंब्यांचेच चार-पाच प्रकार, त्यात एक काळा, कानाच्या पाळीसारखा दिसणारा, आणि एक पांढरा, काडेपेटीतल्या काड्यांची जुडी असावी तसा. सोयाबीनच्या दुधावर येणारी साय वाळवून केलेल्या पट्ट्या असतात, टोफू असतो, रताळ्याच्या पिठाच्या पारदर्शक शेवया असतात. मांसाहारी मंडळींसाठी चिकनचे आणि इतर मांसाचे पातळ काप, कोळंबी, माशाचे गोळे, लावीची छोटी अंडी.

वाडगा भरला की गल्ल्यावर द्यायचा. ती बाई तो काट्यावर ठेवते. पैसे वजनावर. काही दुकानांत सगळ्याला एकच दर, काही ठिकाणी भाजीपाल्याला एक आणि मांस-मासळीला दुसरा. इथे आपलं घर चालवणाऱ्या बाईचं डोकं बरोबर चालतं. पालेभाजी धुतलेली असते, तिचं पाणी झटकून घ्या, नाहीतर पाण्याचेही पैसे मोजावे लागतील. एकच दर असेल तर बटाटा आणि मका बेताने घ्या, ते वजनाला भारी आणि बाजारात स्वस्त. आळंबी, सोयाच्या पट्ट्या वजनाला हलक्या, त्या मनसोक्त घ्या. पहिल्यांदा जाणाऱ्याचा वाडगा हमखास जास्त भरतो, कारण कच्ची भाजी डोळ्याला थोडी वाटते. दोघींनी मिळून एकच वाडगा भरला तरी चालतो, कुणी हसत नाही.

मग ती विचारते, रस्सा की सुकं? रस्सा म्हटलं तर रश्श्यात उकळून वाडग्यात देतात. सुकं म्हटलं तर मोठ्या कढईत, भडक जाळावर, मसाल्याच्या तेलात परतून देतात. आणि शेवटचा प्रश्न तिखट किती? अजिबात नको, अगदी थोडं, कमी, मध्यम की जास्त. पाच-सात मिनिटांत तुमचा आकडा पुकारतात. वर शेंगदाणे, तीळ, कोथिंबीर. झालं.

आता कुणी म्हणेल, आम्ही कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या, आम्हाला कसलं तिखट सांगता? तर थांबा. मिरचीचं तिखट आपल्या ओळखीचं आहे. मिरचीतला जो पदार्थ आपल्याला झोंबतो, तो जिभेवरच्या नेमक्या त्याच जागा चेतवतो ज्या खऱ्या चटक्याने चेततात. म्हणून मेंदूला वाटतं, तोंड भाजलं. ही जागा शोधणाऱ्या डेव्हिड ज्यूलियस या शास्त्रज्ञाला २०२१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तो पदार्थ पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तिखट लागल्यावर पाणी पिऊन उपयोग नसतो. दूध, दही, ताक यांनी लवकर उतरतं. हे आपल्या आज्यांना नोबेलच्या आधीपासून माहीत होतं.

‘मा’ मात्र वेगळं आहे. ते झोंबत नाही, भाजत नाही. ओठांना आणि जिभेच्या शेंड्याला मुंग्या येतात, विजेच्या तारेला हात लागावा तशी बारीक थरथर जाणवते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१३ साली यावर एक प्रयोग केला. लोकांच्या ओठांना हा मसाला लावला आणि बोटावर यंत्राची कंपनं देऊन विचारलं, ओठांवरची थरथर यातल्या कुठल्या वेगासारखी आहे? उत्तर आलं, सेकंदाला सुमारे पन्नास. म्हणजे हा मसाला जिभेला चव देतोच, पण स्पर्शही करतो. आधी तोंड थोडं बधिर होतं, मग त्यावर मिरची येते, आणि त्या बधिरपणामुळे एरवीपेक्षा जास्त तिखट खाल्लं जातं.

आणि हा मसाला कोण, ठाऊक आहे? आपल्या तिरफळाचा सख्खा चुलतभाऊ! कोकणातल्या आणि गोव्यातल्या मैत्रिणी आत्ता हसल्या असतील. बांगड्याच्या कालवणात आपण जी तिरफळं घालतो, गोव्याच्या खतखत्यात जी पडतात, ती आणि सिचुआनची ही मिरी एकाच कुळातली झाडं आहेत. तसाच काटेरी बुंधा, तशीच वाळल्यावर तोंड उघडणारी फळं, आत तसंच काळं चकचकीत बी. घाटावरच्या मैत्रिणींसाठी सांगते, तिरफळ म्हणजे त्रिफळा चूर्ण नव्हे. त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा. तिरफळ हे वेगळंच झाड. पहिला घास घेतल्यावर माझ्या ओठांना मुंग्या आल्या, तेव्हा लेक घाबरून बघत होती. मी म्हटलं, अगं, ही तर आपल्या मालवणच्या मावशीच्या कालवणाची चव.

हा पदार्थ श्रीमंतांचा नाही, हेही सांगायला हवं. सिचुआनमधून आणि त्याला लागून असलेल्या चोंगचिंग शहरातून यांगत्से नदी वाहते. पूर्वी त्या नदीतून मालाच्या होड्या प्रवाहाविरुद्ध वर न्यायच्या, तर माणसं काठावरून दोर खांद्याला लावून त्या ओढत. हवा दमट, कपडे ओले, पोटात भूक. तिथले लोक सांगतात, की हे होडी ओढणारे दगडांची चूल मांडून पाणी उकळायचे, हाताला येईल तो पाला-भाजी त्यात टाकायचे आणि मिरची आणि ही मिरी घालून खायचे. चोंगचिंगच्या धक्क्यावरचे हमाल खाटकाकडची उरलेली आतडी-वजडी स्वस्तात आणून तशाच रश्श्यात शिजवत. तिथे अजून एक भांडं वापरात आहे, त्याच्या आत नऊ चौकोनी खण असतात. सांगतात, की एका भांड्याभोवती अनोळखी माणसं बसत आणि प्रत्येकाचा खण ठरलेला असे. रस्सा सगळ्यांचा, घास ज्याचा त्याचा.

पुढे हा प्रकार चीनभर पसरला आणि ठिकठिकाणी बदलला. सिचुआनमध्ये भाज्या काड्यांना टोचून काड्या मोजून पैसे घ्यायची पद्धत. ईशान्येला हारबिनसारख्या कडाक्याच्या थंडीच्या शहरात त्याचा तिखटपणा कमी झाला, हाडांचा दुधट रस्सा आला आणि वजनावर विकायची पद्धत पक्की झाली. २०२४ च्या मार्चमध्ये वायव्येच्या कान्सू प्रांतातल्या थ्येनश्वे या शहरातल्या मालाथांगची चित्रं मोबाइलवर अशी काही पसरली, की चीनभरातून लोक गाड्या भरभरून तिथे गेले. तिथल्या प्रशासनाने रेल्वे स्टेशनापासून या दुकानांपर्यंत खास बस सोडल्या. का, तर तिथल्या कानकू भागातली मिरची रंगाला आणि वासाला न्यारी. आपल्याकडे ब्याडगीचं जसं नाव आहे, तसंच.

आता मला जे मुख्य बोलायचंय त्याकडे येते.

पहिल्यांदा लेकीबरोबर गेले, तेव्हा तिने वाडगा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “आई, तुला काय हवं ते भर.” आपलं नेहमीचं उत्तर तयार असतं बघा: “तुम्ही घ्याल ते.” तिथे ते उत्तर चालतच नाही. फळीसमोर तुम्ही आणि तुमचा चिमटा. तीस वर्षं मी स्वयंपाक करते. यांना वांगं भरलेलं लागतं, मुलाला बटाटा, लेकीला भेंडी कुरकुरीत, सासूबाईंना दातांमुळे मऊ. हे सगळं झोपेत विचारलं तरी सांगेन. पण मला काय आवडतं, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि त्या फळीसमोर ते मलाच शोधावं लागलं. कमळकाकडी मला आवडते, असं त्या दिवशी कळलं. काळी आळंबी आवडते. माशाचे गोळे अजिबात आवडत नाहीत.

नंतर लेक कामावर असताना एका दुपारी मी एकटीच खाली गेले. गल्ल्यावरच्या बाईची आणि माझी भाषा एक नाही. तिने प्रश्नार्थक चेहऱ्याने एक बोट वर केलं, एकीसाठीच ना? मीही एक बोट वर केलं. वाडगा घेऊन टेबलाशी बसले आणि आजूबाजूला पाहिलं. साफसफाईच्या गणवेशातली एक मध्यमवयीन बाई एकटी जेवत होती. ऑफिसातली एक मुलगी एकटी. माझ्याहून मोठी एक आजी, शेजारी भाजीची पिशवी ठेवून, एकटीच, सावकाश, प्रत्येक घास बघून खात होती. कुणी त्यांच्याकडे पाहत नव्हतं. चीनमध्येही रश्श्यात शिजवलेल्या अशा एकट्याच्या वाडग्याबद्दल लोक गमतीने म्हणतात, की हा एका माणसाचा हॉटपॉट.

आता आपल्याकडचं बघा. बाई तालुक्याला जाते. सरकारी दवाखाना, बँक, तहसील कचेरी, मुलाची शाळा. सकाळी आठला निघते, संध्याकाळी पाचला परतते. मधे काय खाते? चहा. फार तर बिस्किटाचा पुडा, तोही निम्मा मुलासाठी पिशवीत. भूक नसते असं नाही. पैसे अगदीच नसतात असंही नेहमी नाही. पण बाईने एकटीने हॉटेलात शिरायचं, टेबलाशी बसायचं, स्वतःसाठी ताट मागवायचं, हे आपल्याला कसंतरीच वाटतं. ‘फॅमिली रूम’ची पाटी असते, पण एकट्या बाईला कुणी फॅमिली म्हणत नाही. पुरुष मात्र त्याच बाजारात मिसळ खाऊन, तोंड पुसून मोकळा झालेला असतो.

घरीही तेच. सगळ्यांचं झाल्यावर कढईत उरेल ते आपलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. याला कारणं पुष्कळ आहेत, एका वाडग्याने ती सुटणार नाहीत. पण दिवसभर उपाशी राहणं आणि उरलेलं खाणं, ही त्यातली एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या हातातली आहे. म्हणून मला ते एक बोट महत्त्वाचं वाटतं.

आता थोडी सावधगिरी, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणाची मुलं परदेशात असतील, कुणी जाणारही असाल. लाल रश्श्याचं मूळ तेल पुष्कळ ठिकाणी गोमांसाच्या चरबीचं असतं आणि पांढरा रस्सा हाडांचा. नुसत्या भाज्या निवडल्या म्हणून जेवण शाकाहारी होत नाही, कढई आणि पळीही तीच असते. तेव्हा ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारून घ्यावं. सिंगापूरसारख्या शहरात पूर्ण शाकाहारी दुकानंही असतात, घरच्या मुलांना ती शोधायला सांगा. दुसरं, या रश्श्यात मीठ आणि तेल फार. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी आतलं उचलून खावं, रस्सा पिऊ नये. तिखट रस्सा सिचुआनमध्येही पीत नाहीत. आम्लपित्त, मूळव्याध असेल तर बिनतिखट सांगावं, त्यात कमीपणा नाही. सोबत सोयाबीनचं थंड दूध मिळतं, ते घ्यावं.

आणि आता कबूल केलेली पाककृती. हे अस्सल सिचुआनचं नाही, आपल्या घरात जमेल असं आहे.

पाच-सहा तिरफळं घ्या, आतलं काळं बी काढून टाका, ते कचकचीत लागतं. वरची सालं मंद आचेवर जराशी भाजून भरड कुटून ठेवा. पातेल्यात तेल तापवून त्यात दालचिनी, तमालपत्र, एक चक्रीफूल, भरपूर आलं-लसूण आणि एक कांदा परता. ब्याडगीच्या आठ-दहा मिरच्या भिजवून वाटून घाला, तिखट हवं तर दोन लवंगी. तेल सुटलं की दीड लिटर गरम पाणी, मीठ, असल्यास चमचाभर सोया सॉस. वीस मिनिटं उकळू द्या, मग गाळून घ्या. कुटलेलं तिरफळ शेवटी, आधी पाव चमचाच, चव बघून वाढवा. जास्त झालं तर कडवट लागतं.

रस्सा मंद आचेवर ठेवा आणि ओट्यावर ताटल्या मांडा: बटाट्याच्या पातळ चकत्या, गाजर, कोबी, फ्लॉवर, मका, पालक, पनीर किंवा टोफू, वाफवलेली मटकी, साध्या शेवया. प्रत्येकाच्या हातात एक वाडगा द्या. ज्याने त्याने आपलं भरावं, दांड्याच्या गाळणीत घालून रश्श्यात उकळावं, बटाटा-गाजर आधी, पालक अगदी शेवटी. अंडं किंवा चिकन घालणार असाल तर वेगळं पूर्ण शिजवून घ्या. वर शेंगदाण्याचा कूट, तीळ, कोथिंबीर, लिंबू. तिखट कमी खाणाऱ्या लहान मुलांसाठी मिरची न घातलेलं पाणी शेजारच्या शेगडीवर.

फक्त एक नियम पाळा. त्या दिवशी कुणाचाही वाडगा तुम्ही भरायचा नाही. यांचाही नाही, मुलाचाही नाही. आणि तुमचा वाडगा पहिल्या पंगतीत, सगळ्यांबरोबर. सासूबाईंनाही विचारा, “आई, तुम्हाला काय काय आवडतं ते घ्या.” त्यांनाही कदाचित बऱ्याच वर्षांत कुणी विचारलं नसेल. सुनेच्या हातात वाडगा देणारी सासू असेल, तर तिचं मी आधीच कौतुक करून ठेवते.

आणि पुढच्या वेळी तालुक्याला गेलात, काम लांबलं, पोटात कावळे ओरडायला लागले, तर चांगलं स्वच्छ हॉटेल बघा आणि आत जा. एकट्या जायला अवघड वाटलं तर शेजारणीला बरोबर घ्या. पुढच्या वेळी एकटी जाल. वाढप्याने विचारलं, किती ताटं, तर एक बोट वर करा. काय मागवलंत, कसं वाटलं, ते आपल्या कार्यक्रमाला नक्की कळवा.